न्यूकॅसलच्या हाती पैसा आलाय: खेळाडू विकत घ्यायचे की घरची पोरं घडवायची?

हिंजवडी_फेज_तीन

मंडळी, क्रिकेट सोडून दुसऱ्या खेळावर कुणी बोलायला तयार असेल तर एक प्रश्न आहे.

कंपनीच्या कामासाठी मी काही वर्षं इंग्लंडात न्यूकॅसलला होतो. तिथे फुटबॉलचं तिकीट मिळायचं नाही आणि मिळालं तरी परवडायचं नाही. ऑफिसातला एक जण म्हणाला, चल रग्बीला, किंग्स्टन पार्कवर जागाच जागा असते. जागा असायचीच, कारण संघ हरायचा. वारा असा की उंच मारलेला चेंडू मारणाऱ्याकडेच परत येतो की काय असं वाटावं. पण ते खूळ जे डोक्यात शिरलं ते पुण्यात परतल्यावरही गेलेलं नाही. आता शुक्रवारी मध्यरात्रीनंतर लॅपटॉपसमोर बसून सामना बघतो. बायको म्हणते, जागायचंच तर निदान जिंकणाऱ्यांसाठी जागावं.

तिला उत्तर नाही. २०२२-२३ ला आम्ही तळाला. २०२३-२४ ला अठराच्या अठरा सामने हरून तळाला. २०२४-२५ ला पुन्हा तिथेच. आणि मग ऑगस्ट २०२५ मध्ये रेड बुल या पेय कंपनीनं क्लब विकत घेतला. फाल्कन्सचे झाले न्यूकॅसल रेड बुल्स. म्हणजे कालपर्यंत ज्यांच्याकडे पगाराला पैसे नव्हते त्यांच्या हातात आता चेकबुक आहे.

माझा जीव वेगळ्याच कारणानं जळतो. आम्ही पोरं घडवत नव्हतो असं नाही. गाय पेपर हा फ्लँकर (पुढच्या फळीतला, चेंडूमागे धावणारा) आमच्या अकादमीतून वर आला. २०२४ ला बाथ क्लबनं नेला आणि पुढच्याच मोसमात बाथनं तीन करंडक उचलले. अ‍ॅडम रॅडवान, वीज पळावी तसा पळणारा विंगर, तोही आमचाच. लेस्टरला गेला. शेत आमचं, सुगी त्यांची.

दुसरीकडे क्लबचं एकमेव लीग विजेतेपद विकतचंच आहे. १९९५ मध्ये सर जॉन हॉल यांनी पैसा ओतला, रॉब अँड्र्यूला आणलं, त्यानं टुइगामाला, पॅट लॅम, डॉडी विअर, गॅरी आर्मस्ट्राँग अशी फौज गोळा केली आणि १९९८ ला वर चढून आल्या-आल्या लीग जिंकली. त्यानंतर ती लीग आजतागायत नाही.

तर तुम्ही असता तर काय केलं असतं? आणि जोडीला दुसरा प्रश्न, कारण ऑफिसच्या ग्रुपवर यावरूनच जुंपली: रग्बी प्रीमियर लीगमध्ये (आपल्याकडची सात-सात जणांच्या रग्बीची लीग) उद्या पुण्याचा संघ आला, तर तो कसा बांधायचा?

---

पौडफाटा

सोपं आहे राव. पैसा आहे ना? मग टाका की.

फ्रान्सचा तुलाँ क्लब बघा. मुराद बुजेलाल हा कॉमिक्स छापणारा माणूस. त्यानं क्लब हातात घेतला, २००९ मध्ये तुमच्याच न्यूकॅसलचा जॉनी विल्किन्सन उचलला, जगभरातले मोहरे आणून बसवले आणि २०१३, २०१४, २०१५ असा ओळीनं तीनदा युरोप जिंकला. २०१४ ला फ्रान्सची लीगही. कुणी विचारलं का, पोरं कुठल्या गावची म्हणून? करंडकावर गावाचं नाव कोरतात, पोरांच्या आधार कार्डावरचा पत्ता नाही.

"घरची पोरं, घरची पोरं" हे हरणाऱ्यांचं समाधान असतं. आमच्या सोसायटीतली गणपतीची क्रिकेट टीमसुद्धा दोन पोरं बाहेरून आणते.

---

टाइटहेड_तात्या

पौडफाटा, तुलाँचं अर्धंच सांगितलंस. २०१४ नंतर त्यांनी फ्रान्सची लीग जिंकलेली नाही. विल्किन्सन निवृत्त झाला, बाकीचेही म्हातारे झाले आणि खालून कुणी वर येत नव्हतं. शिवाय फ्रान्समध्ये आता नियम आहे, सामन्याच्या चमूत तिथल्या अकादम्यांत घडलेले खेळाडू सरासरी ठरावीक संख्येनं असावेच लागतात. बुजेलालचा कारखाना आज उघडताच येणार नाही.

माझं म्हणजे, मी फौजेत रग्बी शिकलो, आयुष्यभर टाइटहेड प्रॉप खेळलो. आता पुण्यात असतो, संध्याकाळी पोरांना शिकवतो, पैसे घेत नाही. एवढी ओळख पुरे.

हिंजवडीकर, तुमचा प्रश्न "विकत की घरचे" असा घाऊक विचारला की त्याला उत्तर नसतं. जागा सांगा, मग उत्तर देतो.

माझ्या जागेपासून सुरू करू. स्क्रम म्हणजे दोन्ही संघांचे पुढचे आठ-आठ जण वाकून एकमेकांना रेटतात तो प्रकार. पहिल्या ओळीत मधे हूकर, त्याच्या डावीकडे लूजहेड प्रॉप, उजवीकडे टाइटहेड. लूजहेडचं डोकं एका बाजूनं मोकळं असतं. टाइटहेडचं डोकं समोरच्या दोघांच्या खांद्यांमध्ये अडकलेलं. म्हणजे समोरचा प्रॉप आणि हूकर, दोघांचा रेटा त्याच्या मानेवर आणि दोन्ही खांद्यांवर. मागून आपलेच लॉक, म्हणजे दुसऱ्या ओळीतले, ढकलतायत. कमरेत एक इंच वर आला की संपलं, एक इंच खाली गेला की पेनल्टी. हे व्यायामशाळेत शिकता येत नाही. शेकडो स्क्रममध्ये मार खाऊन शिकावं लागतं. अठरा वर्षांचा पोरगा कितीही दांडगा असो, तिशीतला जुना खोड त्याला चाळीस मिनिटांत दुमडून ठेवतो. टाइटहेड पिकतो तो सत्ताविशी-अठ्ठाविशीत. आणि पंधरा जणांच्या रग्बीत तेवीसच्या चमूत पुढच्या ओळीचे सहा जण लागतातच, तीन मैदानात आणि तीन बाकावर, कारण तिथे ऐऱ्यागैऱ्याला घालता येत नाही, मानेचा जीवघेणा प्रकार आहे.

म्हणजे आज तळाला असलेल्या क्लबनं "आम्ही आमचा टाइटहेड घडवू" म्हटलं, तर तो मिळणार आठ वर्षांनी. तोवर मालक क्लब विकून मोकळा झालेला असेल. हा खेळाडू विकतच घ्यायचा.

आता बाथ बघा, तुमच्या जखमेवर मीठ चोळतोय खरं. २०२२ च्या एप्रिलमध्ये ग्लॉस्टरनं त्यांना ६४-० असं धुतलं. त्या मोसमात बाथ तळाला. जुलैमध्ये योहान व्हान ग्रान हा प्रशिक्षक आला. त्यानं काय विकत घेतलं ते बघा. टाइटहेडवर दक्षिण आफ्रिकेचा टॉमस डू टॉइट, आणि विल स्टुअर्ट तर आधीपासून होताच. म्हणजे एकाच जागेवर दोन कसोटीचे टाइटहेड! फ्लाय-हाफला, म्हणजे दहा नंबरच्या सूत्रधाराच्या जागेवर, फिन रसेल. दोघेही २०२३ चे. हूकर मात्र टॉम डन, बाथमध्येच जन्मलेला, वाईट दिवसातही तिथेच राहिलेला. २०२४ ला अंतिम सामना नॉर्दॅम्प्टनकडून २५-२१ नं हरले, तोही पहिल्या अर्ध्या तासाच्या आत एक प्रॉप लाल कार्ड घेऊन बाहेर गेलेला असताना. २०२५ ला लेस्टरला २३-२१ हरवून लीग घेतली, १९९६ नंतर पहिल्यांदा.

आणि गाय पेपर? तो फ्लँकर. रॅडवान विंगर. या दोन जागा अशा की पोरगा विशीत चमकू शकतो, फुप्फुस आणि पाय असले की बास. नॉर्दॅम्प्टनचा हेन्री पोलॉक वीस वर्षांचा असताना त्यांच्या संघानं डब्लिनमध्ये जाऊन आयर्लंडच्या लेन्स्टरला ३७-३४ हरवलं, २०२५ च्या युरोपियन उपांत्य सामन्यात. म्हणजे न्यूकॅसलची अकादमी जे घडवू शकते ते घडवतच होती. कमी पडत होतं ते त्यांना सांभाळायला, आणि त्यांच्यापुढे स्क्रम पेलायला कुणीतरी. स्क्रम मागे जात असेल तर विंगरला चेंडूच मिळत नाही. मग तो लेस्टरला जाईल नाहीतर काय.

माझ्या मते क्रम असा: पुढची ओळ, एक लॉक आणि दहा नंबर, हे बाहेरून. बाकीचं घरचं. आणि घरच्यांतल्या चांगल्या चार जणांना बाहेरचा आणण्याआधी लांबलचक करार.

तारा केव्हा आणायचा, यासाठी मला इंग्लंडात जायची गरजच नाही. कबड्डीतली पुणेरी पलटण बघा. अस्लम इनामदार, आकाश शिंदे, पंकज मोहिते, मोहित गोयत, संकेत सावंत, अबिनेश, ही सगळी पोरं पलटणनं लहान वयात धरून वाढवली. (सगळी पुण्याची नाहीत बरं का. गोयत हरियाणाचा, अबिनेश तमिळनाडूचा. "घरचा" म्हणजे घरात वाढलेला.) नवव्या मोसमात अंतिम सामन्यात जयपूरकडून ३३-२९ हरली. संघ बांधून तयार होता, एक कोपरा कमी पडत होता. मग लिलावात इराणचा शादलुई २ कोटी ३५ लाखांना घेतला, आणि १ मार्च २०२४ ला हरियाणाला २८-२५ हरवून पहिलं विजेतेपद. तारा आणला तो शेवटी. आधी शादलुई आणून भोवती मिळतील ती पोरं उभी केली असती तर तो एकटा कोपऱ्यात काय करणार होता?

---

पौडफाटा

तात्या, पुढचंही सांगा की! पुढच्या मोसमात शादलुईला सोडलं, हरियाणानं त्याला २ कोटी ७ लाखांना घेतला आणि चक्क आपल्या बालेवाडीत येऊन करंडक नेला. पलटण बाद फेरीतसुद्धा नाही. मी होतो त्या रात्री स्टेडियममध्ये, डिसेंबरची थंडी आणि समोर दुसऱ्यांची मिरवणूक. आता बोला, कुणामुळे जिंकलो होतो?

---

टाइटहेड_तात्या

त्याच मोसमात अस्लम जायबंदी होऊन बाहेर होता, हे सोयीनं विसरतोस. तो परत आला आणि २०२५ ला शादलुईशिवाय पलटण पुन्हा अंतिम फेरीत. दिल्लीकडून ३१-२८ नं हरली, पण पोचली. तारा गेल्यावर एक मोसम वाईट गेला, संघ मोडला नाही. तुझ्या तुलाँचं दहा वर्षं काय झालं ते वर लिहिलंय.

---

आकडेमोड

मी रग्बी बघतो तो हिशेबासाठी. धंदा सीएचा, त्यामुळे दुसऱ्यांच्या ताळेबंदात डोकावायची सवय.

हिंजवडीकर, "हातात चेकबुक आहे" हा तुमचा गैरसमज काढून टाका. इंग्लंडच्या लीगमध्ये खेळाडूंच्या पगाराला मर्यादा आहे, मोसमाला ६४ लाख पौंड. त्याबाहेर एक खेळाडू ठेवता येतो, त्याला हवं ते द्या. बाकी मालक कितीही गब्बर असो, बाथ आणि न्यूकॅसल यांची पगाराची पिशवी एकाच मापाची. घरी घडवलेले खेळाडू असतील तर त्या मर्यादेवर थोडी सूट मिळते. म्हणजे घरचा पोरगा हा नुसत्या अभिमानाचा विषय नाही, त्याच्यामुळे कायदेशीररीत्या जास्त खर्च करता येतो.

मर्यादेत येत नाही ते बघा: प्रशिक्षक, फिजिओ, मैदान, व्यायामशाळा, खेळाडू हेरणारी माणसं, अकादमी. रेड बुलचा पैसा खरा कामाला येईल तो इथे. मोठं नाव आणलं की पेपरात फोटो येतो, स्क्रमचा प्रशिक्षक आणला की येत नाही, एवढाच फरक.

आता तात्यांच्या "घरच्यांना लांबलचक करार" या सल्ल्यातली मेख. सॅरासेन्स हा गेल्या पंधरा वर्षांतला इंग्लंडचा सगळ्यात यशस्वी क्लब. लोक म्हणतात पैशानं जिंकले. पण फॅरेल, इटोजे, जेमी जॉर्ज, ही सगळी त्यांच्याच अकादमीची पोरं! अडचण तीच झाली. एकाच वेळी सगळी पोरं इंग्लंडची झाली आणि प्रत्येकाचा बाजारभाव वाढला. घरचा आहे म्हणून कुणी अर्ध्या पगारात खेळत नाही. मग मालकानं खेळाडूंबरोबर भागीदारीत गुंतवणुकी केल्या, त्या पगारात धरल्या नाहीत, आणि २०१९ मध्ये प्रकरण फुटलं. ५३ लाख ६० हजार पौंड दंड, ३५ गुण वजा, जानेवारीत आणखी ७० वजा, थेट खालच्या श्रेणीत. अर्थात २०२३ ला पुन्हा विजेते झाले, कारण पोरं टिकली. पण धडा हिशेबाचा आहे: अकादमी चांगली चालली की चार-पाच वर्षांनी ती तुम्हाला महाग पडते. कुणाला ठेवायचं आणि कुणाला जाऊ द्यायचं हे पोरं बावीसची असतानाच ठरवून ठेवावं लागतं. सगळे ठेवता येत नाहीत.

आणि भरतीचं आणखी एक रूप, ज्याबद्दल कुणी फार बोलत नाही. २०२२ मध्ये वुस्टर क्लब बुडाला. वॉस्प्सही बुडाला. २०२३ ला लंडन आयरिश. वुस्टरच्या अकादमीचा फिन स्मिथ नॉर्दॅम्प्टनला गेला आणि २०२४ ला त्यांचा दहा नंबर म्हणून लीग जिंकला. टेड हिल आणि ऑली लॉरेन्स बाथला गेले, तेही पुढच्या वर्षी विजेते. म्हणजे लागोपाठ दोन विजेत्यांच्या संघात बुडालेल्या एका क्लबनं घडवलेली पोरं. हे विकत घेणं म्हणायचं की लिलावात निघालेलं दुसऱ्याचं घर?

---

खडकी_विंगर

इथे सगळे काका-दादाच दिसतायत, म्हणून लिहिते. मी राज्याकडून खेळलेय, आता एका शाळेत पीटी शिकवते.

पुण्याच्या संघाबद्दल हिंजवडीकरांनी विचारलं त्यावर कुणीच आलं नाही. रग्बी प्रीमियर लीगचा पहिला मोसम जून २०२५ मध्ये झाला, सगळे सामने अंधेरीच्या क्रीडासंकुलात. संघ सहा: मुंबई, दिल्ली, चेन्नई, बंगळुरू, हैदराबाद, कलिंगा. पुणे नाही. सहा संघांना मिळून ३० भारतीय खेळाडू, बाकी फिजी, न्यूझीलंड, केनिया अशा ठिकाणचे. आणि पहिल्या मोसमात फक्त पुरुष. आम्ही टीव्हीवर बघायचं.

यात गंमत अशी की पुण्याचं रग्बीत जे नाव आहे त्यात मोठा वाटा मुलींचा. वाहबिझ भरूचा पुण्याची, भारताची कर्णधार राहिलेली. नेहा परदेशी पुण्याची, तीही भारताकडून खेळलेली. म्हणजे "स्थानिक गुणवत्ता आहे का" हा प्रश्न निकालात निघालेला आहे. प्रश्न वेगळाच आहे. माझ्या शाळेतली मुलगी नववीत चेंडू धरते, दहावीत क्लास लागतो, अकरावीत मैदानावर परत येते, बारावीत पुन्हा गायब. त्यानंतर आईवडील विचारतात, याचं पुढे काय? फौज, पोलीस, रेल्वे यांत खेळाडू म्हणून नोकरी लागेल का? मी "बघू" म्हणते. "बघू" म्हटल्यावर मुलगी परत येत नाही. एकदा एका मुलीची राज्य निवड चाचणी आणि कॉलेजची तोंडी परीक्षा एकाच दिवशी आली. कॉलेजनं तारीख बदलायला साफ नकार दिला. तिनं परीक्षा दिली. तिच्या जागी मी असते तर मीही तेच केलं असतं.

तुम्ही लेन्स्टरचं नाव घेतलंत. त्यांचे जवळपास सगळे खेळाडू घरचे, हे खरं. पण ते घर म्हणजे डब्लिनच्या खासगी, फी भरून शिकायच्या शाळा. त्या शाळांत मैदान, प्रशिक्षक, जेवण, आंतरशालेय करंडक, सगळं क्लबनं एक पैसा न घालता तयार. क्लब फक्त वरची साय काढतो. आणि एवढं असूनही २०२२, २०२३, २०२४ असे ओळीनं तीन युरोपियन अंतिम सामने हरले. मग त्यांनीही स्नायमन आणि जॉर्डी बॅरेट बाहेरून आणलेच, आणि २०२५ ला निदान त्यांची लीग जिंकले.

आपल्याकडे त्या शाळांच्या जवळ जाणारी गोष्ट एकच माहीत आहे, भुवनेश्वरची किस. आदिवासी मुलामुलींची निवासी शाळा. राहणं, खाणं, शिकणं, खेळणं एकाच आवारात. २०१९ मध्ये भारतीय महिलांनी पंधराच्या रग्बीत पहिला आंतरराष्ट्रीय सामना जिंकला, सिंगापूरला २१-१९ हरवून. शेवटची निर्णायक पेनल्टी मारली ती सुमित्रा नायकनं. ती किसची. ओडिशाच्या मुली राष्ट्रीय संघात भरपूर दिसतात याचं कारण त्यांच्या रक्तात काही वेगळं आहे असं नाही. बारावीनंतर त्या घरी जात नाहीत, एवढंच.

तेव्हा पुण्याचा संघ बांधणाऱ्याला माझं सांगणं: फिजीचा माणूस आणायच्या पैशातून आधी वीस मुलामुलींची राहायची-खायची सोय करा. बालेवाडीला संकुल आहे, २००८ ची राष्ट्रकुल युवा स्पर्धा तिथेच झाली. मैदान नाही असं रडायची सोय नाही.

---

हिंजवडी_फेज_तीन

सगळ्यांचे आभार. ताई, तुमचं पटलं. पण एक शंका. ती लीग दोन आठवड्यांची. फ्रँचायझी वर्षभर वसतिगृह कशाला चालवेल? आणि तात्या, तुमचा टाइटहेडचा हिशेब सातच्या रग्बीला लागू होतो का? तिथे तर स्क्रममध्ये तीनच जण.

---

टाइटहेड_तात्या

नाही लागू होत, आणि म्हणूनच पुण्याचं उत्तर न्यूकॅसलच्या उलटं आहे. सातमध्ये पुढच्या फळीतलासुद्धा पळणारा लागतो. सव्वाशे किलोचा प्रॉप तिथे ओझं. त्यामुळे आपल्याला आठ वर्षं थांबायचं कारण नाही. पळणारी आणि धरणारी पोरं आपल्याकडे ढिगानं आहेत, ती कबड्डी खेळतायत.

पण कबड्डीचा पोरगा रग्बीत आणणं दिसतं तेवढं सोपं नाही. माझ्याकडे भोसरीचा एक येतो, डावा कोपरा. घोट्याची पकड अशी की म्हैस थांबेल. पहिल्या दिवशी त्यानं पळणाऱ्याला पाडला, आडवा झाला आणि दोन्ही हातांनी घोटा धरून ठेवला. मी शिट्टी मारली. सोडेना. पुन्हा मारली. गवतातून मान वर करून म्हणतो, "तात्या, अजून सुटला नाही तो!" कबड्डीत सुटला की गुण गेला. रग्बीत पाडलास की लगेच सोडायचं, नाहीतर पेनल्टी. पोराच्या हाताला दहा वर्षांची सवय, मेंदूनं सांगून हात ऐकत नाही. महिनाभर फक्त पाड-सोड-ऊठ, पाड-सोड-ऊठ. दुसरं म्हणजे डोकं. कबड्डीत पकडताना डोकं कुठेही असलं तरी चालून जातं. इथे समोरचा वीस मीटर पळत येतोय, डोकं त्याच्या पुढ्यात आलं तर गुडघा थेट कानशिलात. डोकं त्याच्या पार्श्वभागाच्या बाजूला, गाल मांडीला चिकटलेला, आणि दोन्ही हातांचा विळखा. हे मी एकेका पोराचं डोकं हातानं धरून जागेवर ठेवून शिकवतो.

फ्रँचायझी वसतिगृह चालवणार नाही, बरोबर. तिच्याकडून तेवढी अपेक्षाही नको. पण परदेशी खेळाडू घेतानाच अट घालता येते: सामने दोन आठवडे, पण तुम्ही सहा आठवडे आधी या आणि पुण्यात राहून पोरांबरोबर रोज सराव करा. फिजीच्या माणसाकडून पास शिकणं आणि माझ्याकडून शिकणं यात जमीन-अस्मानाचा फरक आहे, मी टाइटहेड आहे, मी आयुष्यात चार पास दिले असतील. खर्च होईल तो लॉजिंगचा आणि डाळ-भाताचा. आकडेमोड साहेबांनी हिशेब करून द्यावा.

---

आकडेमोड

करून देतो. पण लीग जूनमध्ये, सहा आठवडे आधी बोलावायचं तर मे महिना. पुण्यात तेव्हा दुपारी मैदानावर उभं राहवत नाही आणि हॉटेलांचे दर लग्नसराईचे. सकाळी सहाचा सराव धरा, आणि हॉटेलाऐवजी फ्लॅट भाड्यानं घ्या, बाणेर-बालेवाडीला मिळतात. प्रत्येक परदेशी माणसामागे दीड पोराचं वर्षाचं खाणं निघेल इतका फरक पडतो.

---

खडकी_विंगर

दीड पोराचं का, दीड पोरीचं लिहा. आणि त्या सहा आठवड्यांत सकाळी सात ते आठ मैदान मुलींना. फिजीवाले तिथे असतीलच.

---

टाइटहेड_तात्या

मंजूर. साडेसात ते साडेआठ घ्या, आधी माझी कबड्डीवाली पोरं मैदान मोकळं करतील.

---

पौडफाटा

तात्या, एक प्रामाणिक प्रश्न. माझा भाचा एकोणीसचा, एकशे बारा किलो. घरचे जिमला जा म्हणतात, तो खातो. तुमच्या त्या पंधराच्या रग्बीत त्याचं काही होईल का?

---

टाइटहेड_तात्या

वजन राहू दे, मानेचा घेर किती? पळता येत नसेल तरी चालेल, पण खाली बसून उठता आलं पाहिजे, पाठ सरळ ठेवून. शनिवारी सकाळी सहाला पाठव. बूट नसले तर अनवाणी चालेल, माउथगार्ड मात्र घेऊनच ये म्हणावं, मेडिकलवाल्याकडे नाही मिळत, लक्ष्मी रोडच्या खेळाच्या दुकानांत विचारा. आणि आईला आधीच सांगून ठेव, कान सुजतात.